जंबेरीवरचा डोळा

चाळीस छेद घ्या, त्यातला एखादाच पाहण्याजोगा निघतो. हे वाक्य मी अकोल्याच्या कॉलेजात इतकी वर्षं म्हणत आले, की पुढे पुढे पोरीच माझ्याआधी म्हणायच्या आणि फिदीफिदी हसायच्या. हसा बाप्पा! ब्लेड बोटात घुसलं म्हणजे समजते. गाजराच्या चिरलेल्या तुकड्यात काडी धरायची, ब्लेड ओलं करायचं, श्वास रोखायचा आणि हळूच आपल्याकडे ओढायचं. चकती बशीतल्या पाण्यात पडते. भिंगाखाली धरली की मधोमध भेंड, त्याभोवती काष्ठ, मग कॅम्बियमची, म्हणजे जिथून खोड वाढतं त्या थराची, बारीक ओळ, मग पानांतला रस खाली मुळांकडे नेणाऱ्या नळ्या आणि सगळ्यांत बाहेर साल. वनस्पतिशास्त्र म्हणून आयुष्यभर मी शिकवलं ते एवढंच. बाकी सगळी बडबड.

डिसेंबरअखेर रिटायर व्हायचं म्हणून दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या संपल्या प्रयोगशाळेतलं माझं कपाट उपसायला घेतलं. तळाशी खाकी कव्हरातली एक वही निघाली. माझीच, अमरावतीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची. तिला अजून सॅफ्रानिनचा वास होता, बोटांवर आठ-आठ दिवस राहणाऱ्या त्या लाल रंगाचा. मी उभ्याउभ्या पानं उलटत गेले आणि एका आकृतीपाशी थांबले. संत्र्याच्या काडीचा आडवा छेद. त्यातला सालीकडचा भाग पेन्सिलीनं इतका काळा गिरवलेला, की कागद तिथं चकाकत होता. खाली आमच्या तेव्हाच्या मॅडमच्या लाल शाईत दोनच वाक्यं. ‘काडी कुठल्या झाडाची? मला भेटा.’

मी भेटले होते. काय झालंय ते मला तेव्हाच कळलं होतं. वही मी माझ्या पिशवीत टाकली.

शेंदूरजनाघाटला आमची संत्र्याच्या कलमांची नर्सरी होती. आता नाही. पण डिसेंबरातली सकाळ म्हटली की मला अजून तोच वास येतो. ओल्या मातीचा, शेणखताचा आणि त्यात मिसळलेला जंबेरीच्या सालीचा आंबट-कडू वास. जंबेरी म्हणजे काटेरी रानटी लिंबू. तिची रोपं पेन्सिलीएवढी जाड झाली की त्यांच्यावर संत्र्याचा डोळा बांधायचा. डोळा म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब. मुळं जंबेरीची, वर झाड संत्र्याचं. सारं जग त्याला कलम म्हणतं, आमच्या घरात मात्र कोणी कलम ‘केलं’ नाही, डोळा ‘बांधला’.

आणि डोळा बांधावा तो इस्माईलचाचांनी.

त्यांच्या हाताले जस हाये, असं सगळे म्हणायचे. जस म्हणजे यश, पण यश म्हटलं की त्यातली अर्धी गोष्ट सांडते. डॉक्टरच्या हाताला गुण असतो ना, तसं. चाचांनी बांधलेला डोळा मरत नाही, ही वरुडपासून मोर्शीपर्यंत लोकांची खात्री. नव्या बागेतलं पहिलं रोप लावायला त्यांना बोलावणं यायचं. एवढंच काय, कोणाच्या दारातली गुलाबाची काडी जगत नसली तरी, “चाचा, जरा हात लावून द्या ना!” चाचा हसायचे आणि लावून द्यायचे.

हंगामाचा पहिला दिवस ठरलेला असायचा. विहिरीजवळ एक जुनं संत्र्याचं झाड होतं, त्याला आम्ही मायझाड म्हणायचो. सगळे डोळे त्याच्याच काड्यांवरून घ्यायचे. बाबूजी, म्हणजे माझे वडील, मायझाडाला हळदीकुंकू लावायचे, नारळ फोडायचे. चाचा बाजूला टोपी सारखी करून बिस्मिल्ला म्हणायचे आणि पहिली काडी कापायचे. मग खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून सरीत उकिडवे बसायचे. मी त्यांच्या मागे मागे पट्ट्या घेऊन. जंबेरीच्या खोडावर एक उभी चीर, एक आडवी चीर. चाकूच्या मागच्या टोकानं साल उचलायची. रोपात रस चढलेला असला की साल सुटताना टिच असा बारीक आवाज होतो. चाचा कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, “बोलली.” साल बोलली की आत कॅम्बियम ओलं, गुळगुळीत, पांढरंशुभ्र. तिथं डोळा सरकवायचा, वरून पट्टी. साल बोलली नाही तर ते रोप सोडून पुढं.

एकदा मी डोळ्याची आतली बाजू अंगठ्यानं चाचपून पाहिली. चाचांनी हातावर चापट मारली. “डोळ्याले हात लावते का कोणी, पोट्टे? मरते तो.” त्यांनी मला मारलेली तेवढी एकच.

मी अमरावतीला होस्टेलवर राहून दुसरं वर्ष करत होते त्या साली मायझाड भाद्रपदात फुललं. भलत्या महिन्यात, आणि असं भरभरून की पानं दिसेनात. संत्र्याच्या फुलांचा वास एरवी मला किती आवडायचा! जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहाराला सगळं गाव त्या वासानं जड व्हायचं. पण गणपतीच्या दिवसांत, चिखलात, माशांच्या घोंघाटात तो वास आला तेव्हा कसंसंच झालं. फुलं संपल्यावर पानं पिवळी पडू लागली. सगळं पान नाही, कुठंकुठं, चट्टे पडल्यासारखी. आंबिया बहाराची फळं आली ती एका अंगानं फुगीर, एका अंगानं बसकी, पिकली तरी बुडाशी हिरवीच. एक सोलून पाहिलं तर आत बिया काळ्या, मेलेल्या. बाबूजी म्हणाले, “म्हातारपणी नखरे करून राह्यलं लेकाचं.” चाचा झाडाभोवती दोनदा फिरले आणि खोडाला हात लावून पाहिला. दिवाळीची सुट्टी संपताना मी त्याची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून सोबत नेली. मॅडमनी लाकूड धरलेली काडी आणायला सांगितली होती आणि घरचं झाड म्हणून मला त्याचा कोण तोरा.

प्रयोगशाळेत माझे छेद चांगले निघाले. निघायचेच, मी चाचांच्या मागे सरीत वाढलेली. काष्ठ लालभडक रंगलं. पण त्याच्या बाहेर, रसाच्या नळ्या जिथं असायला हव्या तिथं, नुसता चुराडा. दबलेल्या, तपकिरी, एकमेकींत घुसलेल्या. मॅडमनी आयोडीनचा थेंब टाकायला लावला. पिष्ट असेल तिथं आयोडीन काळं-निळं होतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. माझ्या डोळ्यांसमोर सगळा छेद काळा होत गेला. शेजारच्या मैत्रिणीची संत्र्याचीच काडी होती, कुठल्या तरी दुसऱ्या बागेतली. तिचा छेद स्वच्छ.

मॅडम बराच वेळ भिंगातून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “पानं अन्न तयार करतायत, पण खाली जायला वाटच नाही. वर कोठार भरलंय आणि मुळं उपाशी मरतायत. हे झाड वाचणार नाही. आणि याचा डोळा जिथं बांधाल तिथं हा रोग जाईल. घरी सांग. आजच पत्र टाक.”

मी पत्र टाकलं नाही, स्वतःच एसटीनं घरी गेले. बाबूजी शेतातून येऊन पाय धूत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी ओले पाय पुसले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि माझ्याकडे पाहिलं ते मी अजून विसरले नाही. भ्यायलेले होते. बाबूजींना मी त्याआधी भ्यायलेलं पाहिलं नव्हतं.

“आडवा कापून पाह्यला तं माणूसही आतून काळाच दिसन,” ते म्हणाले. “लोकाइले जबान देली हाये यंदाच्या डोळ्याची. तू आपला अभ्यास कर. अन् इस्माईलले काही सांगू नोको. त्याच्या मनात शंका आली तं त्याचा हात बिघडन.”

मी एकोणीस वर्षांची होते. हे सांगून सुटका होत नाही, मला माहीत आहे. एकोणिसाव्या वर्षी तोंड असतंच की माणसाला. पण मी हो म्हटलं. हंगामाच्या पहिल्या दिवशी नारळ फुटला, चाचांनी बिस्मिल्ला म्हटलं, मायझाडाची काडी कापली आणि सरीत बसले. मी मागून पट्ट्या देत गेले. टिच. “बोलली.” टिच. “बोलली.” प्रत्येक वेळी मी पुढची पट्टी द्यायचे.

त्या साली एकही डोळा मेला नाही. एरवी थोडे तरी वाळतात. त्या साली एकवीस दिवसांनी पट्ट्या सोडल्या तर सरीच्या सरी हिरव्या. लोक पाहायला आले. चाचांच्या हाताचं इतकं कौतुक कधीच झालं नव्हतं. चाची तेव्हा जिवंत होत्या, त्यांनी चाचांवरून मीठ-मिरची उतरवून टाकली. मला वाटलं, मॅडमच चुकल्या असतील. वाटून घेतलं म्हणा.

तीन वर्षांनी लोक परत आले. मी परीक्षा पास होऊन घरी होते, लग्नाचं चाललं होतं. अंगणात सात-आठ जण उभे, बसा म्हटलं तरी बसेनात. कोणाच्या हातात पिवळी फांदी, कोणाच्या रुमालात ती वाकडी फळं. बाग फळाला आली आणि आली ती अशी. कोणी ओरडलं नाही, तेच वाईट होतं. एक म्हातारा एवढंच म्हणाला, “भाऊ, काय झालं असन हे?” चाचा हौदाजवळ चाकू पुसत उभे होते. मी दारात.

बाबूजींनी खाली पाहत सांगितलं, “इस्माईलच्या हाताले आता जस नाई राह्यला.”

बस. एवढंच. त्यावर कोणी काही विचारलं नाही. रोग म्हटलं असतं तर शंभर प्रश्न निघाले असते. जस गेला म्हटल्यावर काय विचारणार? तो येतो तसा जातो, कोणाचा इलाज नाही. सगळ्यांनी चाचांच्या हाताकडे पाहिलं. चाचांनीही पाहिलं. त्यांनी तळवा उलटा केला, सुलटा केला, जसा काही दुसऱ्याचाच हात आपल्याला कोणी धरायला दिलाय. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं असतं तर मी बोलले असते, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. त्यांनी बघितलं नाही हे खरं. मी बोलले नाही हे जास्त खरं.

पुढच्या हंगामाला त्यांना कोणी बोलावलं नाही. गुलाबाच्या काडीलाही नाही. दिसले तर बायका रोपांची टोपली पदराआड घ्यायच्या. चाचांनी चाकू कुठंतरी ठेवून दिला आणि बसस्टँडवर केळीची गाडी लावली. मायझाड बाबूजींनी एका सकाळी स्वतःच्या हातानं तोडलं, कोणाला सांगितलं नाही. ओलं लाकूड दोन दिवस धुमसत होतं आणि तो गोडसर धूर घरात, अंथरुणात, भाताच्या वाफेतही यायचा. बाबूजी ते दोन दिवस जेवले नाहीत. मी लग्न होऊन अकोल्याला आले, नोकरीला लागले, आणि दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या पोरींना आडवा छेद शिकवला. संत्र्याची काडी मात्र कधी आणू दिली नाही.

वही सापडली त्याच्या चौथ्या दिवशी मी अमरावतीवरून वरुडची गाडी पकडली. बाबूजी जाऊन बारा वर्षं झाली. आमच्या नर्सरीच्या जागी आता लग्नाचं लॉन आहे. फाटकावर प्लास्टिकच्या फुलांची कमान, आत हिरवा गालिचा अंथरलेला. विहीर बुजवून तिथं फोटो काढायचा झोपाळा केलाय. मी फाटकातूनच परत फिरले.

चाचांच्या घरी दार एका तरण्या मुलीनं उघडलं. सना, चाचांची नात. कृषी पदविका झालेली, आई-बाप अचलपूरला आणि ही आजोबांना सांभाळायला इथं. नाव सांगितल्यावर चाचा खाटेवरून उठायला लागले. ऐंशी ओलांडलेले, दात गेलेले, पण नजर तीच. “अरे! बाबूजीची पोट्टी! सना, फुफी आली तुही, चाय ठेव.” आत्याला त्यांच्यात फुफी म्हणतात. माझे डोळे भरून आले आणि मला माझीच लाज वाटली.

चहा होईस्तोवर सनानं मला मागचं आवार दाखवलं. पिशव्यांत जंबेरीची रोपं, ओळीनं. काहींवर पट्ट्या बांधलेल्या. डोळे तिनं संशोधन केंद्रातल्या तपासलेल्या झाडांवरून आणलेले.

“मी बांधले सगळे, फुफी. चांगले लागले. पण घेऊन कोणी नाई राह्यलं. येते, पाहते अन् म्हणते, हे इस्माईलचाचाचं घर ना? मंग राहू द्या.” तिनं एका रोपाचं तण उपटलं. “अन् दादाजान तं मागे येतच नाई. मले हात धरून शिकवा म्हटलं तं म्हणते, माह्या हाताचं अपेश तुले लागन. सारं मी व्हिडिओ पाहून शिकली. घरात एवढा मोठा कारीगर अन् मी फोन पाहून राह्यली.”

मी आत आले आणि चहा थंड होईपर्यंतही थांबले नाही. वही उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली.

“हे काय? भाकर हाये का?” चाचा म्हणाले.

“मायझाड आहे, चाचा. आतून.”

मग मी सांगत गेले. भिंग, काळा झालेला छेद, मॅडम, बाबूजींचे ओले पाय, सगळं. सना दारात उभी राहून ऐकत होती. झाड आधीच आजारी होतं, चाचा. रोग डोळ्यातूनच गेला. तुमच्या हाताचा काही संबंध नव्हता. कोणीही बांधले असते तरी हेच झालं असतं.

चाचा बराच वेळ त्या काळ्या गिरवलेल्या जागेवरून बोट फिरवत होते.

“मास्तरनीनं पाह्यलं.”

“हो.”

“तू पाह्यलं. बाबूजीले सांगितलं.”

“हो.”

“मले नाई सांगितलं.”

“नाही, चाचा.”

“रोज माह्याजवळ बसत व्हती तू.” त्यांचा आवाज चढला नाही. चढायला हवा होता. “ही सना झाली ना, तवा इच्या मायनं इले माह्या मांडीवर देली. दुआ द्या म्हणे. म्या इच्या डोक्यावर हात नाई ठेवला. आजपर्यंत नाई ठेवला. म्हटलं, माह्या हातानं पोर पिवळी पडन.”

सनानं तोंडावर ओढणी धरली. मी हात जोडले, काय म्हणाले ते मला आठवत नाही, माफी मागितली असणार. चाचांनी मान हलवली. माफ केल्याची नव्हती ती.

“तू आता बोलून राह्यली. तवा बाबूजी बोलले व्हते. कोणाचं खरं मानू? ते तं गेले. भिंगातलं मले समजत नाई, बेटी. मले डोळा समजते.” ते खाटेवरून उतरले. “सना, चाकू दे. एक बांधतो. लागला तं तू खरी. मेला तं बाबूजी खरे.”

“चाचा, असं नसतं!” मी अक्षरशः ओरडले. “थंडी आहे, हात थरथरतो तुमचा. डोळा मेला तरी मी सांगितलं ते खरंच आहे.”

“मंग तुह्या खऱ्याचा मले काय उपयोग?” ते म्हणाले आणि मागच्या दाराकडे चालायला लागले. मागे रोपं मांडल्यापासून त्या आवारात त्यांनी पाय ठेवला नव्हता, सनानं नंतर सांगितलं.

उकिडवं बसता येईना म्हणून सनानं पाट दिला. चाचांनी टोपी सारखी केली, बिस्मिल्ला म्हटलं. उभी चीर वाकडी गेली. आडवी जास्त खोल गेली, काष्ठापर्यंत. साल उचलताना आवाज झाला नाही, पण ते “बोलली” म्हणाले. कान गेलेत त्यांचे थोडे. डोळा हातातून सुटून मातीत पडला, त्यांनी उचलला, आणि माती पुसायला म्हणून त्याच्या आतल्या ओल्या बाजूवर अंगठा फिरवला. मी सनाकडे पाहिलं, सनानं माझ्याकडे. दोघींनाही कळलं. पट्टी बांधून चाचा उठले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा तिशीतल्या माणसासारखा. “एकवीस दिवस,” ते म्हणाले.

अकोल्याला परतल्यावर मी ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, पोरींची भाषणं. एक म्हणाली, मॅडमनी आम्हाला खरं पाहायला शिकवलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं. मी शास्त्राची बाई, आणि एका म्हाताऱ्याच्या वाकड्या चिरेवर माझा जीव टांगला होता. देवाजवळ दिवासुद्धा लावला. हसायचं असेल तर हसा.

चौदाव्या दिवशी दुपारी सनाचा फोन आला. दबक्या आवाजात बोलत होती. “फुफी, मी पट्टी जराशी सरकवून पाह्यली. काळा पडला. खडखडीत वाळला.”

“मग?” मी विचारलं.

“मी त्याच रोपावर, त्या जागेच्या जराशी खाली नवी चीर देली अन् माहा डोळा बांधला. त्याच पट्टीनं. दादाजानले सांगू नका. फक्त, एकवीसले ते पट्टी सोडाले जाईन, तवा तुमी फोन करजा. सांगजा, थंडीनं उशीर लागते, अजून पंधरा दिवस थांबा. तुमचं ऐकन ते. तुमी कॉलेजच्या.”

मी फोन केला. ऊब कमी पडली की पेशींचं विभाजन मंदावतं, चाचा, जोड धरायला वेळ लागतो. प्रत्येक शब्द खरा होता. चाचा हो हो म्हणाले. माझ्या शास्त्रावर त्यांचा विश्वास बसला तो त्या दिवशी.

काल त्यांचा फोन आला. आवाज इतका मोठा, की मला कानापासून लांब धरावा लागला.

“लागला, बेटी! हिरवागार! साऱ्या गल्लीले बोलावून दाखवला म्या. बाबूजी चुकले व्हते, म्हटलं, माही पोट्टी खरं बोलली. बसस्टँडवर सांगितलं, मशिदीत सांगितलं. परवा खडकावरचे पाटील येऊन राह्यले रोपं घ्याले, अजून दोघं येऊन राह्यले. साऱ्याइचं एकच म्हणणं हाये, डोळा चाचाच्याच हातचा पायजे. बांधतो म्हटलं! काऊन नाई? सनाच्या डोक्यावर हात ठेवला आज. रडली पाहाय पोट्टी, लय रडली. तूच सांग इले, रडाचं काय कारण आता?”

मग त्यांनी फोन तिच्या हातात दिला. तिचा श्वास ऐकू येत होता. पलीकडून चाचा हाका मारत होते, “चल वो सना, पट्ट्या काप, तू माह्यामागे बस.”

“जाऊ, फुफी?” ती म्हणाली.

“जा,” मी म्हटलं.